पाच लढाया आणि एक किनारा: चेन्नई ते मनोरा

सोमवार, चेन्नई

17 फेब्रुवारी 1782 ते 20 जून 1783. या सोळा महिन्यांत फ्रेंच आणि इंग्रज आरमारं कोरोमंडल (आजच्या तमिळनाडूचा किनारा) आणि सिलोनच्या (श्रीलंकेच्या) पाण्यात पाच वेळा भिडली. फ्रेंचांकडून सुफ्रेन, इंग्रजांकडून सर एडवर्ड ह्यूज. पाच लढायांत शेकडो माणसं मेली, पण एकाही बाजूला शत्रूचं एकही मोठं लढाऊ जहाज धरून नेता आलं नाही.

आपण शाळेत हा काळ वडगाव आणि सालबाई एवढ्यावर शिकतो. नाना फडणवीसांनी हैदर अली आणि निजाम यांना सोबत घेऊन 1780 मध्ये इंग्रजांविरुद्ध फळी उभी केली, तिचा दक्षिणेकडचा भाग या किनाऱ्यावर लढला गेला. तो आपल्या वाचनात जवळजवळ येतच नाही. कितीतरी दिवस हे मनात होतं. शेवटी पोंगल आटोपल्यावर मामाला घेऊन निघाले. मामाची सगळी नोकरी मालवाहू जहाजांवर झाली. वारा, पाणी, नांगर याबद्दल तो बोलायला लागला की मी वही काढते.

फोर्ट सेंट जॉर्जमध्ये आता राज्याचं सचिवालय आहे, त्यामुळे तपासणीच्या रांगेत बराच वेळ गेला. संग्रहालय चांगलं आहे, सेंट मेरी चर्च त्याहून चांगलं. 1680 चं बांधकाम, आणि छत तोफगोळ्याला दाद देणार नाही असं जाड कमानींचं. हा किल्ला फ्रेंचांनी 1746 मध्ये एकदा घेतलाही होता. पण मामाचं लक्ष आत नव्हतं. बाहेर आल्यावर समुद्राकडे बघत त्याने विचारलं, "इथं नैसर्गिक आडोसा कुठं आहे?"

नाहीच. आज दिसतं ते चेन्नई बंदर एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात भिंती घालून केलेलं. ह्यूजच्या काळात जहाजं उघड्या समुद्रात नांगर टाकून उभी राहायची आणि माणसं, पिंपं, पोती सगळं मसुला बोटींतून लाटा फोडत काठावर यायचं. या बोटीला खिळा नाही. फळ्या काथ्याने एकमेकींना शिवलेल्या, म्हणून लाट आदळली की बोट फुटण्याऐवजी लवायची. ऑक्टोबरात ईशान्येचा पाऊस सुरू झाला की मोठ्या जहाजांनी हा किनारा सोडायचाच. कुठे जायचं? इंग्रजांकडे त्याचं उत्तर होतं: मुंबई. लायन गेटच्या आत, आजच्या नेव्हल डॉकयार्डात, त्यांची कोरडी गोदी होती. वाडिया घराण्याचे पारशी सुतार होते, मलबारचा साग होता. चार लढायांनी खिळखिळं झालेलं आरमार घेऊन ह्यूज 1782 च्या याच ईशान्येच्या पावसाळ्यात मुंबईला आला आणि जहाजं दुरुस्त करून परतला. फ्रेंचांना हिंदुस्थानच्या किनाऱ्यावर अशी एकही जागा नव्हती. सुफ्रेनला त्याच मोसमात सुमात्रातलं आचे गाठावं लागलं. या मोहिमेचं मर्म मला तोफांपेक्षा इथं दिसतं.

दुपारी रोयापुरमला मोनेगार चौल्ट्री पाहिली. पर्यटक इथं येत नाहीत. हैदरच्या स्वारीने कर्नाटकातली (तेव्हा मद्रासमागच्या मुलखाला कर्नाटक म्हणत) शेतं ओस पडली, समुद्रावर फ्रेंच गस्त, त्यात ऑक्टोबर 1782 च्या वादळात मद्राससमोर तांदळाची जहाजं बुडाली. शहरात दुष्काळ पडला, लोक रस्त्यावर मेले. त्यांना कांजी देण्यासाठी जे अन्नछत्र उघडलं ते हे. शेजारचं स्टॅन्ली हॉस्पिटल यातूनच वाढलं, आणि जुने लोक अजून त्याला कांजीच्या हौदाचं इस्पितळ म्हणतात. आवारात निराधार म्हातारी माणसं सावलीत बसली होती. लढायांच्या पुस्तकांत मृतांचे आकडे फक्त जहाजांवरच्या लोकांचे असतात. इथे कांजीसाठी रांगेत उभे राहिलेले त्यात नाहीत.

मंगळवार, सद्रस

मामल्लपुरमच्या पुढे, कल्पाक्कमच्या अणुऊर्जा केंद्राला लागून सद्रस. डचांचा विटांचा किल्ला समुद्राच्या अगदी तोंडाशी आहे. आत कोठारं, एक बोगदा आणि कुलूपबंद लहानसं दफनस्थान. रखवालदाराने कुलूप काढून दिलं. थडग्यांवरच्या शिळांची अक्षरं उठावाची आहेत, बोट फिरवलं की कडा अजून टोचतात. बाकी किल्ल्यात शेळ्या चरत होत्या.

या गावासमोरच्या समुद्रात पहिली लढाई झाली. मामाने वाळूत काठीने दोन रेघा ओढल्या. इंग्रजांची 9 जहाजं एका ओळीत, फ्रेंचांची त्याहून जास्त. त्या काळची रीत अशी की दोन्ही आरमारांनी समांतर ओळी धरायच्या आणि जहाजाने जहाजाशी तोफा डागत राहायचं. सुफ्रेनला ही रीत मान्य नव्हती. वारा त्याच्या बाजूने होता. इंग्रजांच्या ओळीचं शेपूट गाठायचं, त्याला दोन्ही अंगांनी घेरायचं, पुढची जहाजं वळून मदतीला येईपर्यंत ते संपवायचं, असा त्याचा बेत होता. शेपटाकडचं 'एक्झिटर' आणि ह्यूजचं 'सुपर्ब' यांची पार दैना झाली. पण सुफ्रेनचे मागचे कप्तान जवळ आलेच नाहीत, लांबूनच गोळे फेकत राहिले.

"जवळ का नाही गेले?" मी विचारलं.

"अगं, त्यांनी आयुष्यभर ओळ सांभाळायची एवढंच शिकलेलं," मामा म्हणाला. "आणि हा नवा माणूस. वरचा अधिकारी आठवड्यापूर्वी वारला म्हणून याच्या हाती आरमार आलेलं. त्याच्या मनात काय आहे हे त्यांना कोणी समजावून सांगितलं होतं का?"

मामा म्हणतो ते खरं आहे. कोंत दोर्व्ह 9 फेब्रुवारीला वारला आणि लढाई 17 ची. सुफ्रेन पुढे आपल्या कप्तानांवर जन्मभर चिडलेला राहिला, काहींना त्याने पदावरून काढून परत पाठवलं. मला मात्र वाटतं, त्यातली अर्धी चूक त्याचीच होती. डोक्यातला बेत हाताखालच्या माणसांच्या डोक्यात उतरवणं हे सेनापतीचंच काम.

दुसऱ्याच दिवशी, 18 फेब्रुवारीला, इथून खूप दक्षिणेला कोळ्ळिडम नदीकाठी टिपूने कर्नल ब्रेथवेटची फौज संपवली आणि ब्रेथवेटला कैद केलं. टिपूबरोबर फ्रेंच तुकडीही होती. ब्रेथवेट हे नाव लक्षात ठेवा.

बुधवार आणि गुरुवार, पुदुच्चेरी

पुदुच्चेरीबद्दल सगळे लिहितात. पिवळ्या भिंती, बोगनवेल, कॉफी. ते सगळं आहे आणि छान आहे. आम्ही मात्र तटबंदी शोधत फिरलो, आणि ती कुठेच नाही. इंग्रजांनी 1761 मध्ये शहर घेऊन ते पार पाडलं. फ्रेंचांना परत मिळाल्यावर पुन्हा उभं राहिलं. 1778 मध्ये अमेरिकेच्या युद्धात फ्रान्स उतरला, ती बातमी इंग्रजांना इकडे आधी कळली, आणि सर हेक्टर मन्रोने लगेच वेढा घातला. 10 ऑगस्टला समोरच्या पाण्यात ट्रोंजोलीच्या फ्रेंच जहाजांची व्हर्ननच्या इंग्रज जहाजांशी चकमक झाली आणि नंतर ट्रोंजोली सरळ मॉरिशसकडे निघून गेला. गव्हर्नर बेलकोंबने आरमाराशिवाय ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत शहर लढवलं. 18 ऑक्टोबरला शरणागती. इंग्रजांनी तट पुन्हा पाडले. म्हणजे 1782 मध्ये सुफ्रेन आला तेव्हा या किनाऱ्यावर फ्रेंचांची स्वतःची राजधानीच नव्हती.

संध्याकाळी समुद्रकाठचा रस्ता गाड्यांना बंद होतो आणि सगळं गाव फिरायला येतं. गांधीजींच्या पुतळ्याभोवतीचे उंच कोरीव खांब जिंजीहून आणलेले. राजाराम महाराज आठ वर्षं जिथून राज्य राखत होते ती जिंजी. मामा एका खांबाला टेकून बराच वेळ उभा राहिला. 2025 मध्ये मराठा लष्करी स्थळांना जागतिक वारसा मिळाला त्यात जिंजीही आहे, पण हे खांब इथं आहेत हे आपल्याकडे किती जणांना ठाऊक असेल? त्याच काठावर दक्षिणेला फ्रेंच गव्हर्नर डुप्लेचा पुतळा.

र्यू सुफ्रेन हा रस्ता शांत आहे. निळ्या पाटीवर पांढरं नाव, खाली तमिळमध्ये. याच शहराने सुफ्रेनला रस्ता दिला हे योग्यच, कारण त्याच्यामुळे 1783 च्या तहात पुदुच्चेरी फ्रान्सला परत मिळवायला बळ आलं. पण दहा वर्षांत, 1793 मध्ये, क्रांतीच्या युद्धात इंग्रजांनी ते पुन्हा घेतलं. वेढ्याचा सेनापती कोण? तोच ब्रेथवेट, टिपूच्या कैदेतून सुटलेला. पुढे 1816 पर्यंत शहर इंग्रजांकडेच राहिलं.

शुक्रवार, कडलूर

या प्रवासातला सगळ्यांत महत्त्वाचा दिवस. पुदुच्चेरीहून कडलूर बसने तासाभरावर. उतरल्यावर केळीच्या पानावर इडली-वडा, तांब्याच्या डबऱ्यात कॉफी, आणि मग रिक्षा करून देवनाम्पट्टिनम. आता लोक याला सिल्व्हर बीच म्हणतात. फुगे, भेळ, मोटारसायकली. जवळच गडिलम नदी समुद्राला मिळते आणि तिच्या काठी फोर्ट सेंट डेव्हिड होता. आता मोडका बंगला आणि मातीचे उंचवटे.

हा किल्ला इंग्रजांना आपणच विकला. 1690 मध्ये जिंजीला राजाराम महाराज मोगलांच्या फौजेने वेढले जात असताना, पैशांची निकड होती. इंग्रजांनी किल्ल्याबरोबर भोवतालची जमीनही मागितली: किल्ल्यावरून तोफ डागायची, गोळा पडेल तिथपर्यंतची गावं कंपनीची. मद्रासहून सगळ्यांत लांब मारा करणारी पितळी तोफ पाठवली गेली. गोळे चारी दिशांना सोडले आणि हद्द ठरली. या गावांना आजही गोळ्याची गावं म्हणतात. मला त्या वेळच्या मराठ्यांना दोष द्यायचा नाही. औरंगजेब दारात असताना एक किनाऱ्यावरचा किल्ला विकून महिन्याचा पगार भागत असेल तर कोणीही विकला असता. पण पुढच्या शतकात दक्षिणेतल्या इंग्रजांचा दुसरा पाय इथंच रोवला गेला. मद्रास गेलं तेव्हा कंपनीचा कारभार इथून चालला. 1758 मध्ये फ्रेंच सेनापती लालीने हा किल्ला घेऊन पाडला.

मग 1782. एप्रिलात फ्रेंच आणि हैदर यांनी मिळून कडलूर घेतलं, आणि सुफ्रेनला या किनाऱ्यावर निदान नांगर टाकायला, आजारी उतरवायला जागा मिळाली. बंदर नव्हे, नुसता काठ. सिलोनच्या पूर्वेला 12 एप्रिलला प्रोव्हिडियनची लढाई झाली, त्यात दोन्ही बाजूंची 137 माणसं मेली, अगदी सारखी. जुलैतल्या नागपट्टिनमच्या लढाईनंतर सुफ्रेन इथंच आला. डोलकाठ्या मोडलेल्या, दोर तुटलेले, गोदी नाही, भांडार नाही. त्याने फ्रिगेटी (लहान, वेगवान लढाऊ जहाजं) आणि पकडलेली जहाजं नागवली आणि त्यांच्या काठ्या मोठ्या जहाजांवर चढवल्या. आठवडे-दोन आठवड्यांत आरमार पुन्हा समुद्रावर न्यायला तयार. मामा हे ऐकून नुसता मान हलवत राहिला. "मुख्य डोलकाठी बदलायची म्हणजे काय ते आजच्या माणसाला कळणार नाही," म्हणाला. "क्रेन नाही. हलत्या समुद्रात, दोरांवर आणि माणसांच्या खांद्यांवर."

जुलैच्या अखेरीस हैदर त्याला भेटायला कडलूरजवळ आला. म्हातारा, आजारी हैदर आणि जाडाभरडा, कपड्यांची पर्वा नसलेला सुफ्रेन. दोघांनाही माहीत होतं की एकट्याने हे जमणार नाही. मे महिन्यात सालबाईचा तह झाला होता, त्यात पेशव्यांनी हैदरला इंग्रजांचा मुलूख परत करायला लावायचं कबूल केलं होतं. म्हणजे पुणे बाहेर पडायच्या बेतात, आणि हैदरचा भरवसा आता फक्त फ्रेंच जहाजांवर. डिसेंबरात तो वारला.

1783 च्या जूनमध्ये फ्रेंच सेनापती बुसी इथं अडकला. तोच बुसी, तीस वर्षांपूर्वी निजामाकडे गाजलेला. आता म्हातारा आणि संधिवाताने जखडलेला. इंग्रज जनरल स्टुअर्टच्या फौजेने दक्षिणेकडून वेढा घातला, 13 जूनला बंडिपाळयमच्या टेकड्यांकडे भयंकर लढाई झाली. समोर ह्यूजची 18 मोठी जहाजं. सुफ्रेन 15 जहाजं घेऊन आला आणि तोफा चालवायला माणसंच पुरेनात म्हणून बुसीकडून 1200 सैनिक मागून घेतले, त्यात निम्मे आपल्याकडचे शिपाई. 20 जूनच्या दुपारी याच किनाऱ्यासमोर तीन तास तोफा चालल्या. या वेळी राजाच्या नव्या हुकमामुळे सुफ्रेनला आपलं 'एरो' हे मोठं जहाज सोडून एका फ्रिगेटीवरून आरमार चालवावं लागलं. ह्यूजच्या जहाजांवर स्कर्व्ही पसरलेली, पिण्याचं पाणी संपत आलेलं. तो मद्रासला निघून गेला, समुद्र फ्रेंचांकडे राहिला आणि स्टुअर्टची वेढा घालणारी फौज स्वतःच कोंडीत सापडली.

आणि 29 तारखेला पांढरं निशाण लावून एक इंग्रज जहाज आलं: युरोपात तह झालाय. प्राथमिक तहावर सह्या झाल्या होत्या 20 जानेवारीला. म्हणजे कडलूरची लढाई सह्यांनंतर बरोबर पाच महिन्यांनी. दोन्हीकडची मिळून सुमारे दोनशे माणसं जहाजांवर मेली, किनाऱ्यावर त्याहून कितीतरी जास्त. पत्र जहाजाने केपला वळसा घालून येतंय आणि इकडे माणसं मरतायत. मी त्या वाळूत उभी राहून हे मामाला वाचून दाखवलं, आणि पुढे बराच वेळ आम्ही दोघं काही बोललो नाही. तिथं एक खूण, एक पाटीही नाही. असायला हवी. फ्रेंचांसाठी नव्हे, त्या सहाशे शिपायांसाठी, ज्यांनी कधी जहाज बघितलं नसेल आणि परक्या राजाच्या तोफेवर दुपारभर उभे राहिले.

शनिवार, परंगीपेट्टै ते नागपट्टिनम

गाडी केली होती. परंगीपेट्टै म्हणजे पोर्टो नोव्हो, वेल्लारच्या मुखाशी. 1781 मध्ये इथं इंग्रज सेनापती कूटने हैदरला हरवलं आणि पुढच्या वर्षी सुफ्रेनने फ्रेंच फौज इथंच उतरवली. आता मासळी आणि खारफुटीचा वास. तरंगंबाडीचा डॅन्सबोर्ग किल्ला सुरेख राखलाय. डेन्मार्क तटस्थ होता, त्यामुळे बाकीचे लढत असताना या गावाचा व्यापार फुगला. कारैकलमध्ये जेवण.

नागपट्टिनमला डचांचा किल्ला होता, तो इंग्रजांनी नोव्हेंबर 1781 मध्ये घेतला. आज त्याचं काही दिसत नाही. 2004 च्या सुनामीत या जिल्ह्यात सहा हजारांवर माणसं गेली, त्यामुळे इथल्या लोकांशी समुद्राबद्दल बोलताना आपण आपसूक जपून बोलतो. 6 जुलै 1782 ची लढाई इथल्या पाण्यातली. 11 विरुद्ध 11. मध्येच वारा फिरला आणि दोन्ही ओळी विस्कटल्या. 'सेव्हेअर' या फ्रेंच जहाजाच्या कप्तानाने घाबरून शरणागतीसाठी निशाण उतरवलं, त्याच्याच अधिकाऱ्यांनी ते पुन्हा चढवलं आणि तोफा चालू ठेवल्या. फ्रेंचांची हानी इंग्रजांच्या दुपटीहून जास्त झाली आणि नागपट्टिनम परत घ्यायचा बेत बारगळला.

मग सुफ्रेनने सिलोनमधलं त्रिंकोमाली गाठलं, मूळचं डचांचं पण तेव्हा इंग्रजांकडे असलेलं. ह्यूज मद्रासला दुरुस्तीत गुंतलेला असताना 31 ऑगस्टला त्याने ते काबीज केलं, आणि तीनच दिवसांनी, 3 सप्टेंबरला, पोचलेल्या ह्यूजशी चौथी लढाई दिली. या सगळ्या टापूतलं एकमेव खरंखुरं बंदर ते, चारी बाजूंनी जमीन असलेलं. मामा म्हणतो, "तिथं एकदा नांगर टाकलाय मी. पाणी इतकं खोल आणि निवांत की झोप लागते." तहात ते डचांना परत गेलं आणि नागपट्टिनम इंग्रजांनी ठेवून घेतलं.

रविवार, तंजावर

तंजावरबद्दल स्वतंत्र लिहायला हवं, इथं एवढंच की या लढायांची किंमत सर्वांत जास्त तंजावरच्या शेतकऱ्याने मोजली. दुसरे तुळजाजी राजे इंग्रजांच्या बाजूला, म्हणून 1781 मध्ये हैदरची फौज कावेरीच्या सुपीक खोऱ्यावर तुटून पडली. पिकं गेली, गुरं गेली, माणसं पळवून नेली. पुण्याचे मराठे हैदरच्या बाजूला आणि तंजावरचे मराठे त्याच्या तडाख्यात. बृहदीश्वराच्या भिंतीवरचा भोसले घराण्याचा मराठी शिलालेख वाचताना हे सारखं डोक्यात होतं. मामाला एकेक ओळ मोठ्याने वाचायची होती. दोन शाळकरी तमिळ मुली थांबून ऐकत राहिल्या.

सोमवार, मनोरा

पट्टुक्कोट्टैच्या पुढे, पाल्कच्या सामुद्रधुनीच्या काठावर, सरफोजी राजांनी 1814-15 मध्ये बांधलेला हा षट्कोनी मनोरा. आठ मजले. नेपोलियनच्या पाडावाच्या आणि इंग्रजांच्या विजयाच्या आनंदाप्रीत्यर्थ उभारला, असा लेख त्यावर आहे, आणि तो मराठीतही आहे.

मामा वैतागला. "कुठला बोनापार्ट आणि कुठले आपण! कशाला हा खटाटोप?"

मला तसं वाटत नाही. सरफोजी 1798 मध्ये गादीवर आले ते कंपनीच्या निवाड्याने, आणि पुढच्याच वर्षी राज्याचा कारभार कंपनीला देऊन बसले. त्यांच्याकडे उरला होता एक किल्ला, पुस्तकांचा अप्रतिम संग्रह आणि पेन्शन. ज्या ताकदीने त्यांना हे दिलं तिच्या विजयाचा मनोरा बांधणं हा त्यांच्या जगातला शहाणपणाच होता. आणि संबंध नव्हता असंही नाही. टिपू फ्रेंचांकडे मदत मागतोय, बोनापार्ट इजिप्तमध्ये उतरलाय, या भीतीपोटीच 1799 मध्ये इंग्रजांनी श्रीरंगपट्टण घेतलं. ते 1783 मध्ये कडलूरला सुफ्रेन आणि बुसी यांच्याबरोबर राहून गेलेलंच भय होतं. कडलूरचा किल्ला विकणारे आणि हा मनोरा बांधणारे दोघेही भोसलेच, मध्ये सव्वाशे वर्षं.

हे मी मामाला सांगितलं तर तो म्हणाला, "म्हणजे तू सरफोजींची वकिली करणार?" करणार. पट्टुक्कोट्टैच्या बसमध्ये आमचा हाच वाद चालू होता, आणि तंजावर स्टेशनवर गाडीची वाट बघतानाही.